सहलीची तारीख ठरवण्याआधी तिथी बघा



दिवाळीची सुट्टी संपली की शाळेत सहलीचा विषय निघतोच. आपल्या संभाजीनगरकडच्या शाळांची ठिकाणं वर्षानुवर्षं ठरलेली असतात. वेरूळ, दौलताबादचा किल्ला, पैठण, फार तर शिर्डी. गेल्या काही वर्षांत मात्र मुलंच म्हणतात, "सर, समुद्र." चौथीच्या वर्गात विचारून पाहा, समुद्र प्रत्यक्ष पाहिलेली मुलं बोटांवर मोजण्याइतकी निघतील. बाकीच्यांनी तो टीव्हीवर पाहिलेला असतो. त्यामुळे कोकणची सहल निघाली की घरोघरी आनंद असतो आणि आईबापांच्या पोटात थोडी भीतीही असते.

ती भीती योग्यच आहे. १ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरूडच्या किनाऱ्यावर सहलीला आलेले पुण्याच्या एका महाविद्यालयातले १४ विद्यार्थी बुडाले. ती तर मोठी, कळती मुलं होती. आपण दहा वर्षांची मुलं घेऊन जातो. म्हणून काही शाळा समुद्र नकोच म्हणतात. मला ते पटत नाही. समुद्र न दाखवणं हा उपाय नाही, समुद्राची वेळ शिकवून मग तो दाखवणं हा उपाय आहे. आपण करतो काय? आधी सुट्टी बघतो, मग बस ठरवतो, मग जेवणाची सोय. रात्रभर प्रवास करून बस दुपारी किनाऱ्यावर पोचते आणि मुलं थेट पाण्याकडे धावतात. त्या वेळी पाणी चढतंय की उतरतंय, हे बसमधल्या एकाही मोठ्या माणसाला माहीत नसतं.

ते कळायला मोबाइल लागत नाही. भिंतीवरचं कॅलेंडर आणि पाऊणकीचा पाढा पुरतो.

कोकणातल्या जुन्या माणसांचा हिशेब असा आहे: त्या दिवशीच्या तिथीला पाऊणने गुणा, जेवढे तास येतील तेवढे वाजता भरती पूर्ण होते. पंचमी असेल तर पाच पाऊण पावणेचार. म्हणजे पहाटे पावणेचारला आणि पुन्हा दुपारी पावणेचारच्या सुमाराला पूर्ण भरती. भरतीपासून सहा तासांनी पूर्ण ओहोटी, म्हणजे सकाळी पावणेदहाला पाणी सगळ्यांत खाली. शुद्ध पक्ष असो की वद्य, हिशेब तोच. वद्य प्रतिपदेला पुन्हा एकपासून मोजायचं आणि अमावास्या पंधरावी धरायची.

हे असं का चालतं, ते पाचवीच्या मुलांना समजावता येतं. चंद्राच्या ओढीने समुद्राचं पाणी दोन बाजूंना फुगतं, चंद्राकडच्या बाजूला आणि बरोबर उलट्या बाजूला. पृथ्वी स्वतःभोवती फिरते म्हणून आपला किनारा दिवसातून दोनदा त्या फुगवट्यांतून जातो. पण पृथ्वीची एक फेरी होईपर्यंत चंद्रही थोडा पुढे सरकलेला असतो, त्याला गाठायला पृथ्वीला जरा जास्त वळावं लागतं. म्हणून भरती रोज थोडी उशिरा येते. किती उशिरा? महिन्याच्या ३० तिथ्यांमध्ये हा उशीर साठत साठत पूर्ण २४ तासांचा होतो. २४ तासांची मिनिटं १४४०, भागिले ३०, उत्तर ४८ मिनिटं. जुन्या लोकांनी ४८ ऐवजी ४५ धरली, कारण पाऊणचा पाढा तोंडपाठ होता. दर तिथीला ३ मिनिटं कमी धरली गेली, पंधराव्या तिथीपर्यंत ४५ मिनिटं. आता पौर्णिमेचा हिशेब करा. पंधरा पाऊण सव्वाअकरा, त्यात ही ४५ मिनिटं मिळवा, आले बरोबर बारा. पौर्णिमेला आणि अमावास्येला भर दुपारी बाराच्या सुमाराला भरती असते, हे कोकणातलं शेंबडं पोरही सांगेल. पाढे, गुणाकार, भागाकार आणि हिशेबातली चूक कशी साठत जाते, एवढं सगळं या एका उदाहरणात आहे. पावकी-पाऊणकी पाठ करून काय उपयोग असं विचारणाऱ्या पालकांनाही हे दाखवा.

एक गोष्ट लक्षात ठेवा. हा अंदाज आहे. किनाऱ्या-किनाऱ्यात फरक पडतो, कधी तासभरसुद्धा. म्हणून छापील भरती-ओहोटीचं कोष्टक पाहायचं आणि तिथे पोचल्यावर गावातल्या मासेमारी करणाऱ्या माणसाला विचारायचं. त्याचं म्हणणं अंतिम. पाऊणकीचा उपयोग घरी बसून तारीख ठरवण्यासाठी.

तारीख ठरवताना आणखी एक बघायचं. अमावास्या-पौर्णिमेला सूर्य आणि चंद्र एका रेषेत येतात, दोघांची ओढ एकत्र होते. तेव्हा भरती खूप चढते आणि ओहोटीही खूप उतरते. याला उधाण म्हणतात. अष्टमीच्या आसपास दोघं काटकोनात असतात, तेव्हा पाणी फारसं चढत नाही की उतरत नाही, तो भांग. मुलांना किनाऱ्यावरचे जीव दाखवायचे तर पाणी चांगलं उतरायला हवं, आणि ते सकाळच्या उजेडात उतरायला हवं. माझ्या मते द्वितीया ते पंचमी हे चार दिवस शाळेसाठी सगळ्यांत सोयीचे. उधाणाचा जोर अजून बऱ्यापैकी असतो आणि पूर्ण ओहोटी साडेसात ते पावणेदहाच्या दरम्यान येते. पौर्णिमेची सुट्टी धरून जाणं सगळ्यांत गैरसोयीचं. ओहोटी पहाटे सहाला, मुलं तेव्हा झोपेत, आणि दुपारी बाराला बसमधून उतरावं तर समोर महिन्यातली सगळ्यांत मोठी भरती.

आता, ज्या मुलाने समुद्रच पाहिला नाही त्याला भरती-ओहोटी फळ्यावर कशी समजणार? इथे आपला नाथसागर कामाला येतो. पैठणचं जायकवाडी धरण १९७६ साली पूर्ण झालं, जलाशय सुमारे ५५ किलोमीटर लांब पसरला आणि १९८६ मध्ये तिथे पक्षी अभयारण्य जाहीर झालं. शहरापासून तासा-दीड तासाच्या अंतरावर आहे. कोकणात जाण्याआधी एक सकाळ तिथे घालवा. पावसाळ्यानंतर भरलेला जलाशय हिवाळा-उन्हाळ्यात हळूहळू मागे सरतो, उघड्या पडलेल्या गाळावर पाणपक्षी उतरतात. काठावर जिथे पाणी टेकलंय तिथे मुलांना एक काठी रोवू द्या. महिन्याभराने कोणी पालक त्या बाजूला गेले तर काठी किती कोरडी पडली ते बघून येतील. नाथसागराचं पाणी कालव्यांनी शेतीला जातं म्हणून महिन्या-महिन्यांनी मागे सरतं. समुद्राचं पाणी सहा तासांत मागे सरतं आणि पुढच्या सहा तासांत परत येतं. हा फरक एकदा डोक्यात बसला की "समुद्राची काठी तासाभरात बुडते" हे वाक्य मुलं विसरत नाहीत.

पक्षी ओळखण्याची तयारीही तिथेच होते. चक्रवाकाच्या जोड्या, हिमालय ओलांडून येणारे पट्टकादंब, कधी नशिबाने रोहित. नावं पाठ करून घेऊ नका, चोची बघायला सांगा. रोहित वाकडी चोच उलटी धरून पाणी गाळतो. चिखलात बारीक चोच खुपसणारे पक्षी आतले किडे काढतात. जेवढी चोच लांब तेवढं खोलवरचं अन्न, म्हणून एकाच चिखलावर पाच प्रकारचे पक्षी भांडण न करता जेवतात. हीच पंगत पुढे खाडीत दिसते. पैठण जमत नसेल तर शहरातलं सलीम अली सरोवर आहेच.

कोकणात जायचं कुठे? किनारे पुष्कळ आहेत. मी सुचवेन तो सावित्री नदीच्या मुखाचा परिसर. महाबळेश्वरला उगम पावणारी सावित्री इथे समुद्राला मिळते. उत्तरेला रायगड जिल्ह्यातलं हरिहरेश्वर, दक्षिणेला रत्नागिरी जिल्ह्यातलं बाणकोट आणि वेळास. मधल्या खाडीतून फेरीबोट चालते, तीत गाड्याही चढतात. म्हणजे कातळाचा किनारा, वाळूचा किनारा, खाडी आणि किल्ला, सगळं लहानशा टापूत. संभाजीनगरहून अंतर चारशे किलोमीटरच्या वर आहे, त्यामुळे किमान दोन मुक्काम धरा. एका दिवसात सगळं उरकायला जाऊ नका, मुलं फक्त बस बघून येतात.

हरिहरेश्वरच्या देवळामागून प्रदक्षिणेची वाट निघते. कातळातल्या अरुंद फटीतून पायऱ्या उतरतात आणि आपण थेट समुद्राच्या कडेला सपाट खडकांवर येतो. ही वाट फक्त ओहोटीला चालायची. भरतीला त्याच खडकांवर लाटा आदळतात आणि लाटेने माणसं ओढून नेल्याच्या घटना तिथे घडलेल्या आहेत. मुलांना ही वाट दाखवण्याचं खरं कारण हेच आहे. दिवसातून दोनदा असणारी आणि दोनदा नसणारी वाट त्यांनी कधी पाहिलेली नसते.

तिथला खडक आपल्या ओळखीचा आहे. वेरूळची लेणी ज्या काळ्या पाषाणात कोरली, देवगिरीचा डोंगर ज्याचा, तोच हा दख्खनच्या लाव्हाचा खडक, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. वेरूळला माणसांनी छिन्नीने कोरला, इथे समुद्राने. खडकाच्या भिंतींवर मधमाश्यांच्या पोळ्यासारखी भोकंच भोकं दिसतात. लाटेचे तुषार खडकाच्या बारीक छिद्रांत शिरतात, पाणी वाळतं, मीठ उरतं, त्याचे स्फटिक वाढतात आणि खडकाचे कण आतून ढकलून सुटे करतात. मिठाने दगड फुटतो, यावर मुलांचा आधी विश्वास बसत नाही. जुन्या माठाबाहेर क्षार येऊन त्याचे पापुद्रे सुटतात ते आठवून द्या, पटतं.

खडकांतल्या खळग्यांत ओहोटीनंतर पाणी साचून राहतं. इथे घाई करू नका. एका खळग्याभोवती पाच-सहा मुलं उकिडवी बसवा आणि पाच मिनिटं कुणी बोलायचं नाही, हात घालायचा नाही. पहिल्या मिनिटात काहीच दिसत नाही. मग एक शंख चालू लागतो. त्यात गोगलगाय नसते, खेकडा असतो. या खेकड्याचं मागचं अंग मऊ, म्हणून तो रिकामा शंख शोधून त्यात राहतो आणि अंग वाढलं की मोठा शंख शोधतो. भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या घरांतल्या मुलांना हे लगेच कळतं. मग पिशवीत शंख भरून का आणायचे नाहीत, हे वेगळं सांगावं लागत नाही. आपण नेलेला शंख म्हणजे कुणाची तरी पुढची खोली.

वेळासची वाळू वेगळी गोष्ट सांगते. ओहोटीला ओल्या वाळूवर मोहरीएवढ्या गोळ्यांची रांगोळी पसरलेली असते, मधोमध एक भोक. नखाएवढा खेकडा वाळू तोंडात घेतो, तिच्यातलं खाण्याजोगं चाटून घेतो आणि उरलेल्या वाळूची गोळी करून बाजूला टाकतो. भरती आली की सगळी रांगोळी पुसली जाते, सहा तासांनी तो पुन्हा बसतो. पाय कुठे ठेवायचा हे मुलं आपणहून बघू लागतात. वर बघायलाही सांगा. ब्राह्मणी घार असते आणि पांढऱ्या पोटाचा समुद्र गरुडही दिसू शकतो. वेळासमधून बाणकोटच्या हिंमतगडापर्यंत गेलात तर वरून नदी आणि समुद्र मिळतात ती रेषा दिसते, दोन रंगांचं पाणी. खाडीकाठच्या खारफुटीची मुळं चिखलातून वर काढलेल्या पेन्सिलींसारखी उभी असतात. चिखलात हवा नसते म्हणून ती श्वास घ्यायला वर येतात.

वेळासचं नाव झालं ते मात्र कासवांमुळे. ऑलिव्ह रिडले जातीच्या माद्या साधारण नोव्हेंबर ते मार्च रात्री वाळूवर येतात, मागच्या पायांनी सुरईच्या आकाराचा दीड फूट खोल खड्डा करतात, शंभरेक अंडी घालतात, वाळू लोटतात आणि समुद्रात परत जातात. पुढे पिल्लांकडे बघतही नाहीत. एके काळी ही अंडी कोल्हे-कुत्री खात आणि माणसंही. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने २००२च्या सुमारास गावाला बरोबर घेऊन संवर्धन सुरू केलं, २००६पासून कासव महोत्सव भरू लागला. आता गावकरी पहाटे किनारा फिरून घरटं शोधतात, अंडी जाळीच्या कुंपणात तशाच खोल खड्ड्यात ठेवतात आणि साधारण ४५ ते ६० दिवसांनी पिल्लं बाहेर येतात. खड्ड्यावर टोपली पालथी घातलेली असते. सकाळ-संध्याकाळ ती उचलून बघतात, पिल्लं असली तर पाण्यापासून थोड्या अंतरावर सोडतात आणि ती स्वतः चालत जातात. उचलून पाण्यात का टाकत नाहीत, हा प्रश्न प्रत्येक मूल विचारतं. ते चालणं त्यांच्या उपयोगाचं असतं. मोठी झालेली मादी पुन्हा किनारा शोधत येते, त्याची ओळख बहुधा इथेच सुरू होते असं शास्त्रज्ञ मानतात. आणखी एक नवल म्हणजे पिल्लू नर होणार की मादी हे वाळूच्या उष्णतेवर ठरतं. २९ अंशांच्या आसपास दोन्ही, वाळू जास्त तापली तर माद्या अधिक.

डिसेंबरच्या सहलीत पिल्लं दिसण्याची आशा धरू नका. फेब्रुवारीअखेर ते एप्रिल हा त्यांचा काळ, त्यामुळे शाळेपेक्षा पालकांना परीक्षेनंतर जाणं जास्त जमेल. तेव्हाही एखाद्या सकाळी टोपलीखाली काहीच नसतं. "कासव दाखवतो" असं कबूल करून मुलांना नेऊ नका, "कासवाची वाट बघायला जातो" म्हणा. पिल्लं निघाली तर दोरीच्या मागे उभं राहायचं, हात लावायचा नाही, मोबाइलचा दिवा लावायचा नाही, कारण पिल्लं उजेडाच्या दिशेने जातात. आणि एक गोष्ट तिथे उभं राहून सांगाच. २०२१ मध्ये ओडिशाच्या किनाऱ्यावर पायाला क्रमांकाचा बिल्ला लावलेली एक मादी जानेवारी २०२५ मध्ये रत्नागिरी जिल्ह्यात गुहागरला अंडी घालताना सापडली. पूर्वेच्या समुद्रातून पश्चिमेच्या समुद्रात. आपल्या खाम नदीचं पाणी गोदावरीला मिळून त्याच पूर्वेच्या समुद्राला जातं. नकाशावर मुलांना बोट फिरवू द्या.

आता पाण्यात उतरण्याबद्दल. इथे मी कडक आहे आणि तुम्हीही राहा. घोट्याच्या वर पाणी नाही, तेही पाणी उतरत असताना नाही. उतरणारं पाणी पायाखालची वाळू काढून नेतं आणि मूल बसकण मारतं. पाणी चढत असताना वेगळा धोका. किनारा सपाट असेल तर पाणी समोरून येण्याआधी बाजूच्या सखल भागातून मागे शिरतं आणि वाळूच्या उंचवट्यावर खेळणारी मुलं अडकतात. लाटा फुटत असताना मध्येच जिथे पाणी शांत आणि गढूळ दिसतं, तिथे मुलं हमखास जातात. तीच ओढीची जागा असू शकते, लाटांनी आणलेलं पाणी तिथूनच परत आत जातं. खडकांवर ओहोटी पूर्ण होण्याच्या तासभर आधी जायचं आणि पूर्ण झाल्यावर अर्ध्या तासात वर यायचं. दहा मुलांमागे एक मोठं माणूस, त्याच्या गळ्यात शिट्टी, आणि त्याने पाठ समुद्राकडे करायची नाही, फोटो काढण्यासाठीसुद्धा नाही. गावातला एक जाणकार माणूस पैसे देऊन बरोबर घ्या.

खर्चाचं म्हणाल तर एसटीला शैक्षणिक सहलीची सवलत मिळते आणि वेळासमध्ये घरगुती राहण्या-जेवण्याची सोय आहे. मुलांना घावणे, सोलकढी खाऊ द्या. ज्वारीच्या भाकरीवर वाढलेली पोरं पहिल्या दिवशी नाक मुरडतात, दुसऱ्या दिवशी मागून घेतात.

जाण्याआधी वर्गात सोडवायला दोन गणितं देतो. एक: एकादशीला बस सकाळी अकराला वेळासला पोचणार आहे. मुलांना लगेच किनाऱ्यावर नेलं तर पाणी चढतं असेल की उतरतं? (पाऊणकीने भरती सव्वाआठला, ३३ मिनिटांची दुरुस्ती केली तर पावणेनऊच्या सुमाराला. ओहोटी दुपारी पावणेतीनच्या आसपास. म्हणजे अकराला पाणी उतरतं आहे.) दोन: मग त्या दिवशी जेवण आधी की किनारा? याचं उत्तर मुलांनाच द्यायला सांगा, आणि जे ठरेल ते सहलीच्या वेळापत्रकात लिहा.